हिरव्या खोलीतला सोमल

मुलांच्या खोलीत प्लास्टिक नको, रासायनिक रंग नकोत. लाकूड, सुती कापड, कागद अशा नैसर्गिक वस्तूच वापरा, असा सल्ला हल्ली पालकांना वरचेवर मिळतो. सल्ला वाईट नाही. पण 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हे त्यामागचे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे. त्यासाठी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या मुलांच्या खोल्यांत डोकवावे लागेल.

१८३६ मध्ये तिथे भिंतीला लावायच्या कागदावरचा कर रद्द झाला. पाठोपाठ छपाईची यंत्रे आली आणि पूर्वी श्रीमंतांच्या दिवाणखान्यात दिसणारा वेलबुट्टीचा कागद कामगारांच्या घरातही चढला. पाने, वेली, पक्षी ही नक्षी. म्हणजे हिरवा रंग हवाच. निळ्यात पिवळा मिसळून केलेले जुने हिरवे रंग बहुधा मंद, लवकर विटणारे. कार्ल शीले या स्वीडिश रसायनज्ञाने १७७५ मध्ये सोमल आणि पोटॅशच्या द्रावणात मोरचुदाचे द्रावण ओतले, तेव्हा तळाशी सुरेख हिरवा साका बसला. (हा प्रयोग वर्गात करायचा नाही, हे सांगायला नकोच.) पुढे १८१४ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी जंगाल आणि सोमल यांपासून त्याहून झळझळीत हिरवा रंग निघाला. स्वस्त आणि डोळ्यांत भरणारा असल्यामुळे तो कागदावर, कापडावर, खेळण्यांवर, कृत्रिम फुलांवर सगळीकडे पोचला.

सोमल म्हणजे आर्सेनिकचे ऑक्साइड. त्याचे मूलद्रव्य खाणीतूनच येते; पिवळा हरताळ आणि तांबडी मनशीळ ही त्याची गंधकाबरोबरची खनिजे. पोथीतले चुकलेले अक्षर झाकायला आपले लेखनिक हरताळ लावीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. सांगायचे एवढेच, की हे विष काही कारखान्याने निर्माण केलेले नव्हे.

१८३९ मध्ये लिओपोल्ड ग्मेलिन या जर्मन रसायनज्ञाने वर्तमानपत्रातून पहिला इशारा दिला. असा हिरवा कागद लावलेल्या दमट खोल्यांना उंदरांसारखा वास येतो, आणि त्यांत राहणारे आजारी पडतात, असे त्याचे निरीक्षण होते. इंग्लंडमध्ये मात्र कागद खपतच राहिला. १८६२ मध्ये लंडनच्या लाइमहाउस या वस्तीत एकाच कुटुंबातली चार मुले एकामागून एक दगावली. आधी तो घटसर्प समजला गेला. डॉ. थॉमस ऑर्टन यांनी कारण शोधायला सुरुवात केली आणि त्यांची नजर मुलांच्या झोपायच्या खोलीतल्या हिरव्या कागदावर गेली. हेन्री लेथबी या रसायनज्ञाने त्याचे परीक्षण केले. त्यात आर्सेनिक भरपूर होते.

मग प्रश्न मिटला का? नाही. कारण असाच कागद लावलेल्या असंख्य घरांत माणसे ठणठणीत होती, आणि कागदाचे उत्पादक नेमके तेच दाखवून देत होते. हा युक्तिवाद निव्वळ स्वार्थाचा म्हणून उडवून लावता येत नाही. कारण आणि परिणाम यांचा संबंध जोडताना ही अडचण आजही येते. मूल जमिनीजवळ रांगते, भिंतीला हात लावून तोच तोंडात घालते, दिवसाचे कितीतरी तास त्याच खोलीत असते आणि त्याचे वजनही कमी. खोली तीच असली तरी बापाच्या पोटात गेलेली मात्रा आणि मुलाच्या पोटात गेलेली मात्रा एक नव्हे.

या वादातले एक नाव आश्चर्य वाटावे असे आहे. विल्यम मॉरिस हा यंत्रयुगाचा टीकाकार, हस्तकलेचा आणि निसर्गातल्या आकारांचा पुरस्कर्ता. नीळ, मंजिष्ठा यांसारख्या वनस्पतिज रंगांची जुनी कृती तो १८७५ पासून थॉमस वॉर्डल या रंगाऱ्याकडे स्वतः हात बुडवून शिकला. याच मॉरिसच्या सुरुवातीच्या कागदांत आर्सेनिकचा हिरवा होता, हे २००३ मध्ये अँडी मेहार्ग यांनी एका नमुन्याचे पृथक्करण करून दाखवले. शिवाय आर्सेनिक काढणाऱ्या डेव्हनमधल्या मोठ्या खाणीत त्याच्या घराण्याचे भाग होते, आणि काही वर्षे तो तिचा संचालकही होता. १८८५ मध्ये वॉर्डलला लिहिलेल्या पत्रात त्याने या विषबाधेच्या भीतीची चक्क टर उडवली आहे. निसर्गप्रेम खरे होते. पण कागदावरच्या पानांत काय मिसळले आहे हे विचारायचे राहून गेले.

अमेरिकेत रॉबर्ट केडझी या रसायनशिक्षकाने वेगळाच मार्ग धरला. १८७४ मध्ये त्याने अशा कागदांचे प्रत्यक्ष नमुने बांधून एक पुस्तक केले आणि त्याच्या शंभर प्रती मिशिगनमधल्या ग्रंथालयांना पाठवल्या. लोकांनी आपल्या भिंतीशी ते ताडून पाहावे हा हेतू. अर्थात पुस्तकच विषारी होते!

कागदातले विष शरीरात शिरते कसे, याचे एक देखणे उत्तर बार्तोलोमेओ गोझिओ या इटालियन संशोधकाने १८९० च्या दशकाच्या सुरुवातीस दिले. सोमल मिसळलेल्या बटाट्याच्या लगद्यावर त्याने बुरशी वाढवली, तर लसणासारख्या वासाचा वायू निघू लागला. कागद आणि तो चिकटवायची पिठाची खळ दोन्ही नैसर्गिक. ओल आली की बुरशीला मेजवानी. तिने आर्सेनिकचा वायू करून खोलीत सोडला, अशी ती उपपत्ती. फ्रेडरिक चॅलेंजर यांनी १९३० च्या दशकात हा वायू ट्रायमिथिल आर्सीन असल्याचे सिद्ध केले. ही गोष्ट पुस्तकांतून शतकभर सांगितली गेली. परंतु २००५ मध्ये कलन आणि बेंटली यांनी जुने पुरावे पुन्हा तपासले, तेव्हा हा वायू समजला जातो तितका विषारी नाही असे त्यांना आढळले. मग भिंतीवरून झडणारी हिरवी धूळच बहुधा मुख्य दोषी ठरते. बुरशीची गोष्ट जास्त मनोरंजक आहे, हे मान्य!

ब्रिटनमध्ये अशा कागदावर बंदी घालणारा कायदा कधीच झाला नाही. गिऱ्हाईक घाबरले, 'आर्सेनिकविरहित' अशा जाहिराती झळकल्या आणि तो रंग हळूहळू मागे पडला. त्याआधीच, १८५९ मध्ये, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी रुग्णाच्या खोलीसाठी कागदाऐवजी धुता येणारा तेलरंग बरा, असे लिहिले होते. सल्ला स्वच्छतेच्या दृष्टीने योग्यच. पण त्या काळच्या तेलरंगाचा पाया म्हणजे शिशाचा सफेता.

त्याचा अनुभव ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहराने घेतला. तिथली घरे लाकडी, ऊन कडक. व्हरांड्याच्या कठड्यावरचा रंग उन्हाने भुकटी होऊन मुलांच्या बोटांना लागे. पोटशूळ आणि हातापायांची लुळी अवस्था घेऊन मुले रुग्णालयात येत होती. हे शिसे रंगातले आहे, असे जॉन लॉकहार्ट गिब्सन या नेत्रवैद्याने १९०४ मध्ये मांडले. मुलांच्या आवाक्यातल्या अशा रंगाविरुद्ध कायदा व्हायला १९२२ उजाडले.

भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. ते नव्या रंगांपुरते आहेत. जुन्या घरांच्या आणि शाळांच्या दारे-खिडक्यांवरचा आधीचा तेलरंग नव्या थराखाली तसाच असू शकतो. तो काढायचा झाल्यास कोरडा घासू नये, पाणी मारून ओला करून खरवडावा, भुकटी ओल्या फडक्याने टिपून घ्यावी, आणि हे काम सुट्टीत, मुले आसपास नसताना उरकावे.