जुन्या पद्मिनीच्या इंजिनात तुटलेला स्टड कसा काढायचा? स्टेप बाय स्टेप माहिती

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. पण लोकांनी जपलेल्या खासगी पद्मिनी अजून रस्त्यावर दिसतात. मी हिंदमाताला राहतो, पोटापाण्यासाठी कोड लिहितो आणि रविवारी शेजारच्या काकांच्या पद्मिनीत हात तेलकट करून घेतो. अशा गाड्यांमधली नेहमीची डोकेदुखी म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा तुटलेला स्टड. तो कसा काढतात, ते आज पाहू.

स्टड म्हणजे काय?

बोल्टला डोकं असतं, स्टडला नसतं. स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेली छोटी सळी. एक टोक इंजिनात घट्ट बसतं, दुसऱ्यावर नट लागतो. गंजलेला नट जोर लावून फिरवला की नटाऐवजी स्टडच पिळून तुटतो आणि अर्धा तुकडा आत राहतो.

तो अडकतो का?

मॅनिफोल्ड रोज प्रचंड तापतो आणि गार होतो. त्यात मुंबईची खारट, दमट हवा. हिंदमाताला पाणी तुंबलं की गाडीची काय हालत होते, ते वेगळं सांगायला नको. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, पण हेड अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅल्युमिनियममध्ये स्टीलचा स्टड असला की ओलाव्यामुळे अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी पावडर आट्यांत सिमेंटसारखी बसते.

सुरुवात कुठून करायची?

एकच नियम लक्षात ठेवा: ज्या स्टेपमुळे काही बिघडत नाही ती आधी, जी ‘अनडू’ होत नाही ती शेवटी. बॅटरी काढा, डोळ्यांना गॉगल लावा.

१. तेल: गंज सोडवणारा स्प्रे मारा, हातोडीने हलकेच ठोका आणि रात्रभर ठेवा. सकाळी पुन्हा मारा.

२. डबल नट: स्टड बाहेर डोकावत असेल तर त्यावर दोन नट चढवून एकमेकांवर घट्ट आवळा. मग आतल्या नटाला पाना लावून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. थोडं उलट, थोडं सुलट, असं करत सोडवा. एकदम जोर नको.

३. उष्णता: तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून स्टडच्या भोवतीचा भाग तापवला की पकड सैल होते. आधी पेट्रोलचे पाइप आणि कार्ब्युरेटर काढून लांब ठेवा, स्प्रे पुसून टाका. ज्योत एकाच जागी धरून ठेवू नका, हेड वाकू शकतं.

४. नट वेल्ड करणं: तुकडा पृष्ठभागाच्या बरोबरीने तुटला असेल तर वेल्डर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करतो. स्टीलचं वेल्ड अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही. वेल्डिंगच्या झटक्याने गंजाची पकडही सुटते. अनुभवी वेल्डर मिळाला तर मला हाच उपाय सर्वात भरवशाचा वाटतो.

५. ड्रिल: हा शेवटचा पर्याय. बरोबर मध्यावर सेंटर पंच मारा, ३ मिमीपासून सुरू करून हळूहळू भोक वाढवा. उलट्या दिशेने कापणारं बिट असेल तर कधी कधी तुकडा बिटासोबतच फिरून बाहेर येतो.

इझी-आउटपासून सावध!

भोकात घालून उलटा फिरवायचा इझी-आउट नावाने सोपा आहे, पण अतिशय कडक स्टीलचा असतो. तो आत तुटला तर साधं ड्रिल त्याला कापू शकत नाही. मग हेड काढून स्पार्क इरोजन मशीनवर न्यावं लागतं. म्हणून इझी-आउट फिरताना अडला की तिथेच थांबा.

कधी थांबायचं?

ड्रिल मध्यावरून सरकू लागलं किंवा भोकातून स्टीलऐवजी अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत भुगा येऊ लागला, तर काम थांबवून हेड मशीन शॉपमध्ये द्या. पद्मिनीचं उत्पादन बंद होऊन दोन दशकं उलटली आहेत. नवा स्टड कुठलाही खरादवाला बनवून देईल, हेड मात्र शोधत फिरावं लागेल. आटे खराब झाले असतील तर तिथे हेलिकॉइल, म्हणजे स्टीलच्या तारेचे नवे आटे, बसवून मिळतात.

नवा स्टड लावताना

भोकातले आटे टॅप फिरवून साफ करा, स्टडला अँटी-सीझ पेस्ट लावा आणि सगळे नट थोडे थोडे करत समान आवळा. पुढच्या वेळी ज्याच्या हातात पाना असेल, त्याला नट सहज सुटेल.