यकृताचा कर्करोग आणि पोर्टल व्हेनमधली गुठळी

रिपोर्टमध्ये ‘पोर्टल व्हेन थ्रॉम्बोसिस’ हे शब्द दिसले की नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, रक्त पातळ करायची गोळी दिली की गुठळी विरघळेल ना?” प्रश्न रास्त आहे, पण उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल.

तुमच्या यकृताला रक्त दोन वाटांनी मिळतं. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल व्हेन या शिरेतून येतं, उरलेलं धमनीतून. १९५४ मध्ये ब्रीडिस आणि यंग या संशोधकांनी दाखवून दिलं की यकृतातल्या गाठी मात्र जवळजवळ सगळं रक्त धमनीतूनच घेतात. म्हणजे धमनीची फांदी बंद केली तर गाठ उपाशी राहील आणि यकृत शिरेच्या रक्तावर तग धरेल! आदल्याच वर्षी स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुई आणि तारेच्या मदतीने रक्तवाहिनीत नळी सरकवण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. तरीही या दोन गोष्टी एकत्र येऊन फ्रान्स-जपानमध्ये यकृताच्या गाठींवर असे उपचार सुरू व्हायला १९७० चं दशक उजाडलं. आज त्यालाच ‘टेस’ म्हणतात.

आता अडचण पाहा. हा कर्करोग शिरेतही शिरतो. अशा वेळी रिपोर्टमधली ‘गुठळी’ रक्ताची नसून कर्करोगाचीच वाढ असू शकते, आणि ती रक्त पातळ करून विरघळत नाही. कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅनमध्ये ती बऱ्याचदा उजळते, कारण तिलाही धमनीचंच रक्त मिळतं. साधी रक्ताची गुठळी उजळत नाही. म्हणून आपली गुठळी कोणती, हे डॉक्टरांना जरूर विचारा. मुख्य शीरच तुंबली असेल तर धमनी बंद करणं धोक्याचं, कारण मग यकृतच उपाशी पडतं.

अशा रुग्णांसाठी बराच काळ हाताशी फारसं काही नव्हतं. २००८ मध्ये सोराफेनिबची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. वाढलेल्या आजारात सरासरी आयुष्य ७.९ वरून १०.७ महिन्यांवर गेलं. थोडंच, पण त्याआधी तेवढंही नव्हतं. २०२० मध्ये अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही इंजेक्शनांची जोडी सोराफेनिबपेक्षा सरस ठरली.

यातल्या बेव्हासिझुमॅबने रक्तस्राव होऊ शकतो. शीर तुंबल्याने अन्ननलिकेतल्या शिरा आधीच फुगलेल्या असू शकतात. त्यामुळे इंजेक्शनाआधी एंडोस्कोपी सांगितली तर टाळू नका. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली, तर रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठा.