सर क्रीकची रेषा आणि मच्छीमारांचा हक्क

राज्यकारभारासाठी आखलेली रेषा सामान्य माणसाच्या रोजीरोटीवर कशी उलटते, हे सीमाभागातील वाचकांना वेगळे सांगावयास नको. चिकोडी तालुका १९५६ पर्यंत ज्या मुंबई सरकारच्या अखत्यारीत होता, त्याच सरकारच्या एका ठरावाभोवती आज भारत आणि पाकिस्तान यांच्यातील सर क्रीकचा वाद फिरतो आहे.

कच्छ आणि सिंध यांच्यामधील ही खाडी सुमारे ९६ किलोमीटर लांब आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्या काठावरील सरपणावरून कच्छ संस्थान व सिंध यांच्यात तंटा झाला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. मुंबई सरकारने १९१४ मध्ये ठराव करून तो मिटविला. फाळणीनंतर हीच हद्द आंतरराष्ट्रीय झाली. नकाशातील पूर्व काठावरची हिरवी रेषा पाकिस्तान पुढे करतो. नौकानयनयोग्य प्रवाहात हद्द मध्यातून जाते, हे त्याच ठरावातील तत्त्व भारत मांडतो. १९६८ च्या कच्छ निवाड्यातूनही सर क्रीक वगळली गेली. परिणामी पुढील सागरी सीमाही अनिश्चित राहिली.

या अनिश्चिततेची किंमत मच्छीमार मोजतात. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणारे पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाकिस्तानच्या तुरुंगात पोहोचतात, तसेच सिंधचे कोळी भारताच्या तुरुंगात. २००८ च्या करारानुसार राष्ट्रीयत्वाची खात्री व शिक्षा पूर्ण झाल्यावर महिन्याभरात सुटका अपेक्षित आहे. प्रत्यक्षात ती अनेकदा लांबते.

वस्तुतः दोन्ही देशांनी मान्य केलेल्या १९८२ च्या सागरी कायदा कराराच्या कलम ७३ नुसार, तसा परस्पर करार नसल्यास, अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीच्या गुन्ह्यास कारावास देता येत नाही. कलम ७४ सीमा ठरेपर्यंत तात्पुरती व्यवस्था करण्यास सांगते.

केवळ सीमा ठरली म्हणजे न्याय झाला, असेही नाही. भारत-श्रीलंका यांनी १९७४ व १९७६ मध्ये सागरी सीमा ठरविली. परंतु पाल्कच्या सामुद्रधुनीत पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणाऱ्यांचा प्रश्न सुटला नाही, अटका थांबल्या नाहीत.

तात्पर्य, सार्वभौमत्वाचा निर्णय लांबला तरी मासेमारीची व्यवस्था लांबविण्याचे कारण नाही. आणि ती ठरविताना मच्छीमारांना विचारले जावे, हीच तिची नैतिक कसोटी होय. १९१४ चा ठराव सरपणाच्या तंट्यातून जन्मला होता. रेषेच्या वादात आज विस्मरण झाले आहे ते नेमके या उपजीविकेच्या मूळ प्रश्नाचे.