कोणते बहिर्जी?

वसमतच्या 'बहिर्जी स्मारक महाविद्यालया'चं नाव ऑफिसात काढलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे बहिर्जी नाईक ना? शिवाजी महाराजांचे हेर?"

नाही. हे बहिर्जी शिंदे. वसमत तालुक्यातल्या वापटी गावचे, हैदराबाद मुक्तिसंग्रामातले हुतात्मा. दोन बहिर्जींमध्ये जवळपास तीनशे वर्षांचं अंतर आहे.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण आपला भाग नाही. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यातल्या परभणी जिल्ह्यात होता. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र भारत. अलीकडे निजामाचा अंमल आणि कासीम रझवीचे रझाकार. कार्यकर्त्यांनी हद्दीपलीकडे उमरखेडसारख्या ठिकाणी कॅम्प उभारले आणि तिथून लढा चालवला. ३० जानेवारी १९४८ ला त्यांनी नांदेडकडच्या उमरीची बँक लुटली, लढ्याला पैसा हवा म्हणून. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. पुढे १३ सप्टेंबरला भारतीय फौजा राज्यात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

ही लढाई किल्ल्यावर झाली नाही. ती शिवारात, गावच्या वेशीवर, नदीच्या उतारावर झाली. त्यामुळे जपायला तट-बुरूज असे उरलेच नाहीत. निजामी राजवटीत उच्च शिक्षण उर्दूतून होतं आणि कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून मराठवाड्याने या लढ्याची आठवण जपायला शाळा-कॉलेजं काढली. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव दिलं आणि त्याची स्थापनाही १७ सप्टेंबरलाच केली, १९९४ साली. हिंगोलीतली कॉलेजं त्याच विद्यापीठाखाली येतात.

कल्पना फार चांगली. पण दगडी स्तंभाला आठवण करून देण्याशिवाय दुसरं काम नसतं. कॉलेजला मात्र ॲडमिशन, परीक्षा, स्कॉलरशिप अशी शंभर कामं. हळूहळू नावाचा पत्ता होतो. विद्यापीठाचं 'स्वारातीम' होतं. 'बहिर्जी स्मारक'मधला 'स्मारक' बोलताना गळतो, आणि उरलेल्या नावावर सिनेमातले बहिर्जी येऊन बसतात. इमारत शाबूत राहते, स्मारक पडतं.

ते सावरायला कोटींचा निधी लागत नाही. १९४८ साली पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीपार आहे. कॉलेजच्या पोरांनी एनएसएसच्या शिबिरात अशा आजोबा-आजींसमोर मोबाईल ठेवावा आणि त्यांना निवांत बोलू द्यावं. गावाचं नाव, तारीख आणि सांगणाऱ्याचं तेव्हाचं वय लिहून ठेवावं. रील करायच्या नादात तीस सेकंदांवर कापू नये. रझाकारांचे अत्याचार त्यात यावेत. आणि सप्टेंबरनंतर सूडापोटी मारल्या गेलेल्या निरपराध मुसलमानांची आठवणही यावी. सुंदरलाल समितीच्या अहवालात त्या हत्यांची नोंद आहे, पण तो कित्येक वर्षं लोकांसमोर आला नव्हता. अर्धीच गोष्ट जपली तर तिला इतिहास म्हणता येणार नाही.

हे रेकॉर्डिंग कॉलेजच्या ग्रंथालयात राहावं, आणि पहिल्या वर्षाला येणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी ऐकावं.

मग कुणी विचारलंच, "बहिर्जी नाईक ना?", तर वसमतचा कुठलाही पोरगा सहज सांगेल, "नाही, आमच्या वापटीचे."