मक्ता, कमावीस आणि खासगी : उत्तर पेशवाईच्या आधारे खासगीकरणाचा विचार

सरकारी सेवा व मालमत्ता खासगी हाती सोपवाव्यात काय, या प्रश्नाची चर्चा भारतात प्रामुख्याने १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणाच्या संदर्भात होत आली आहे. या चर्चेत वापरले जाणारे शब्द मात्र त्या धोरणाहून पुष्कळ जुने आहेत आणि भाषापरत्वे त्यांचा रोख बदलतो. बंगालीतील 'बेसरकारीकरण' हा शब्द सरकारच्या दूर होण्यावर बोट ठेवतो, तर हिंदीतील 'निजीकरण' स्वत्वावर भर देतो. गुजरातीत 'खानगीकरण' आणि मराठीप्रमाणेच कन्नडातही 'खासगीकरण' हा शब्द रूढ आहे. मराठीपुरता विचार केल्यास 'खासगी' हा शब्द मुळात राज्यसंस्थेच्या बाहेरचा नव्हे. मराठा राज्यव्यवहारात सत्ताधीश व त्याचे कुटुंब यांच्या व्यक्तिगत उत्पन्नाचे खाते म्हणजे खासगी, आणि राज्याचे उत्पन्न म्हणजे दौलत. 'मक्ता' या शब्दाचा प्रवासही असाच बोलका आहे. ठरावीक रकमेच्या मोबदल्यात वसुलीचा हक्क देणारा हा करार. त्यापासून बनलेला 'मक्तेदारी' हा शब्द आज एकाधिकार या निंदाव्यंजक अर्थाने वापरला जातो. या अर्थांतरामागे कोणता ऐतिहासिक अनुभव असू शकेल, याचा शोध उत्तर पेशवाईच्या महसूलव्यवहारात घेता येतो.

राज्याचे काम वा उत्पन्न कोणाच्या हाती द्यावे, याविषयीची चिंता मराठी राजनीतिपर लेखनात आरंभापासून आढळते. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांनी वतनदारांचे वाडे-कोट पाडून त्यांचे हक्क ठरवून दिल्याचा उल्लेख आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या 'आज्ञापत्रा'त सेवेच्या मोबदल्यात भूमी इनाम देण्याविषयी स्पष्ट सावधगिरी सुचविलेली आहे. राज्याचा तुकडा एकदा गेला की तो परत येत नाही, हा तेथील युक्तिवादाचा आशय होय. अर्थात राजाराम व शाहू यांच्या काळात राज्याचा विस्तार सरंजाम व वतने देऊनच झाला. सिद्धांत आणि व्यवहार यांतील ही तफावत पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांच्या काळात स्थिरावलेली कमावीस पद्धती वरकरणी शुद्ध सरकारी व्यवस्था वाटते. कमाविसदार वा मामलेदार याची नेमणूक हुजुरातून होई व त्याला ठरलेले वेतन मिळे. तथापि नेमणुकीच्या वेळी त्याला सरकारात 'रसद' म्हणून आगाऊ रक्कम भरावी लागे आणि ती पुढे वसुलातून व्याजासह वळती करून घेतली जाई. ही रक्कम बहुधा सावकाराकडून उभी राही. म्हणजे खासगी भांडवल या व्यवस्थेच्या गाभ्यातच होते. ते नियंत्रणात राहण्याचे कारण दरकदारांच्या संस्थेत सापडते. फडणीस, मजुमदार, दप्तरदार, पोतनीस इत्यादी अधिकारी मामलेदाराच्या हाताखाली काम करीत. परंतु त्यांना दूर करण्याचा अधिकार त्याला नसे. हिशेब त्यांच्या दाखल्याने हुजूर दप्तरात जाई. पैसा खासगी, पण लेखणी सरकारची, असे या रचनेचे वर्णन करता येईल.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत (१७९६–१८१८) ही लेखणीच निष्प्रभ झाली. यशवंतराव होळकरांची १८०२ ची स्वारी, त्याच वर्षअखेरीचा वसईचा तह आणि १८०३–०४ चा दुष्काळ यांनी मुलूख खिळखिळा झाला असताना मामलती वाढत्या बोलीने देण्याची प्रथा पडली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने ऑक्टोबर १८१९ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार ही बोली पेशव्याच्या भोवतालच्या मंडळींतच लागे आणि पुढील वर्षी अधिक बोली देणारा आला की मामलत त्याच्याकडे जाई. मुख्य मक्तेदार पोटमक्तेदार नेमी, तो आपला नफा चढवून पुढे देई, आणि ही साखळी गावच्या पाटलापर्यंत पोहोचे. मक्ता घेतलेला पाटील गावाचा धनी बने. नाकारणाऱ्या पाटलाच्या गावाची अवस्था अधिकच बिकट होई. एका वर्षाच्या मक्तेदाराला पडीक जमीन लागवडीस आणण्यात वा रयतेला सूट देण्यात काही स्वारस्य असण्याचे कारण नव्हते. शिवाय तक्रार ज्या दरबाराकडे न्यायची, तोच दरबार वाढीव बोलीचा लाभधारक होता.

एल्फिन्स्टनचा अहवाल हे जेत्याचे लेखन आहे, हे येथे विसरता येत नाही. आधीच्या राजवटीचा अंत न्याय्य होता हे ठसविण्याची गरज त्याच्या कथनाला आकार देते. आंद्रे विंक यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात इजाऱ्याकडे केवळ ऱ्हासाचे लक्षण म्हणून पाहण्यास आक्षेप घेतला आहे. उजाड मुलखात चढत्या दराच्या इस्ताव्याने, म्हणजे वर्षागणिक वाढत जाणाऱ्या साऱ्याने, लागवड परत आणण्यासाठीही इजाऱ्याचा उपयोग झाला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दोन्ही मते एकत्र वाचली असता मक्त्याचा परिणाम त्याच्या अटींवर अवलंबून होता, असा निष्कर्ष निघतो.

सरकारी व्यवस्था आपोआप रयतेच्या हिताची ठरते, हे गृहीतकही याच प्रदेशाच्या पुढील इतिहासात टिकत नाही. एल्फिन्स्टनने मक्ता बंद केला. त्यानंतर १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट कीथ प्रिंगल या कंपनीच्या अधिकाऱ्याने पुणे भागात जमिनीची मोजणी करून निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरविला. या आकारणीमागे रिकार्डोप्रणीत खंडाच्या सिद्धांताचे बळ होते. अंमलबजावणी मात्र सदोष मोजणी आणि कनिष्ठ नोकरांची लाचखोरी यांनी ग्रासलेली होती. शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या आणि १८३५ पासून इंदापुरात गोल्डस्मिड व विंगेट यांना नव्याने काम हाती घ्यावे लागले. प्रिंगलच्या व्यवस्थेत मक्तेदार नव्हता. तरीही चुकीची आकारणी वेळीच उघड करू शकेल असा स्वतंत्र आवाजही नव्हता.

मालमत्तेच्या संदर्भात होळकरांच्या खासगीचे उदाहरण निराळाच पेच पुढे आणते. १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्यासाठी खासगी जहागीर मिळाली. पुढे अहिल्याबाईंनी काशी, गया, सोमनाथ आदी ठिकाणची मंदिरे, घाट व धर्मशाळा यांसाठी जो खर्च केला, त्याचा आधार दौलतीपेक्षा ही खासगी होती. खासगी धनातून सार्वजनिक वास्तू उभ्या राहिल्या. संस्थाने विलीन झाल्यानंतर १९६२ मध्ये या मालमत्तेसाठी इंदूर येथे न्यास स्थापन झाला. त्यातील काही मालमत्तांच्या विक्रीवरून निर्माण झालेल्या वादात जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा न्यास सार्वजनिक असून त्याची कायद्यानुसार नोंदणी आवश्यक आहे, असा निर्णय दिला. घाटावर स्नान करणाऱ्याच्या दृष्टीने मालकीच्या शीर्षकापेक्षा, ती वास्तू कोणाच्या संमतीने विकली जाऊ शकते, हा प्रश्न अधिक निकडीचा ठरतो.

आजच्या धोरणातही हे दोन्ही प्रकार वेगळे ओळखता येतात. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेली एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटा समूहाकडे परत गेली. येथे मालकीच हस्तांतरित झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय मुद्रीकरण योजनेत मात्र चार वर्षांत सुमारे ६ लाख कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवताना रस्ते, वीजवाहिन्या इत्यादींची मालकी सरकारकडे राखून वापराचा हक्क मुदतीने देण्याची कल्पना होती. रचनेच्या दृष्टीने हा मक्ताच होय. विक्रीचा निर्णय फिरविणे कठीण असते, ही 'आज्ञापत्रा'तील भीती पहिल्या प्रकाराला लागू पडते. दुसऱ्या प्रकाराला उत्तर पेशवाईचा अनुभव अधिक जवळचा आहे. मुदत इतकी तोकडी आहे काय की घेणाऱ्याने केवळ ओरबाडावे? हिशेब तपासणारा दरकदार घेणाऱ्याच्या मर्जीबाहेरचा आहे काय? आणि ज्याच्याकडे दाद मागायची, तो वाढीव बोलीत भागीदार आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर सेवा खासगी हाती देणे घातक ठरते. आणि प्रिंगलचा अनुभव पाहता ती सरकारी हाती ठेवल्यानेही रयतेचे रक्षण होत नाही. बाजीरावाच्या दरबारात ही उत्तरे देऊ शकणारी दप्तरे होती, दरकदारांची पदेही होती. त्यांचे ऐकण्याची गरज मात्र उरली नव्हती.