आंग्र्यांचे आरमार आणि साष्टी

अठराव्या शतकात कोकण किनाऱ्यावर परकीय व्यापारी सत्तांना झालेला सागरी प्रतिकार आणि त्याच्या जयापजयाशी ज्याचे नशीब बांधले गेले तो साष्टी बेटाचा मुलूख, या दोहोंची ही हकीकत. आजची मुंबईची उपनगरे, म्हणजे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, याच बेटावर वसली आहेत. सोळाव्या शतकापासून येथे पोर्तुगीजांचा अंमल होता; माहीमच्या खाडीपलीकडे मुंबई बेटावर इंग्रज होते.

मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांनी कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग अशा जलदुर्गांच्या बळावर या समुद्रावर मराठ्यांचा हुकूम बसवला. किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा; नसेल तर ते पकडले जाई. पोर्तुगीजांनी याच समुद्रात दोनशे वर्षे असेच परवाने सक्तीने घ्यायला लावले होते. तरी इंग्रजी कागदपत्रांत आंग्रे ‘चाचे’ ठरले. हा शिक्का आपण मुकाट्याने उचलण्याचे काही कारण नाही. आग्नेय आशियातही परकीय सत्तांनी तो सढळ हाताने वापरला. सुलू द्वीपसमूहातील बालांगिंगींची ठाणी स्पॅनिशांनी १८४८ मध्ये चाचेगिरीच्या नावाने उद्ध्वस्त केली. बालांगिंगी माणसे धरून विकत, हे खरेच. पण समुद्रावर लढणारा प्रत्येक जण त्यांच्यासारखा नव्हता. १७८४ मध्ये मलाक्काजवळ डचांशी लढताना पडलेले रियाऊचे राजा हाजी आज इंडोनेशियाचे राष्ट्रीय वीर मानले जातात.

आंग्र्यांची लढण्याची रीत किनाऱ्याला साजेशी होती. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, उथळ तळाचे जहाज. त्याच्या मोठ्या तोफा नाळेवर, समोर मारा करणाऱ्या. गलबत लहान आणि वल्ह्यांवर चालणारे. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीकडे नेत. युरोपी जहाजांच्या बहुतेक तोफा कुशीत असल्याने त्यांना तिकडे धड मारा करता येत नसे. शिडे व डोलकाठ्या निकामी झाल्या की मराठे जहाजावर चढत. इंग्रज १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर चालून आले. १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीजांनी मिळून कुलाब्यावर हल्ला केला. तिन्ही मोहिमा फसल्या.

साष्टीत मराठे १७३७ मध्ये उतरले आणि ठाणे घेतले. मढच्या टोकावरचा, मालाडच्या खाडीचे तोंड राखणारा वेसाव्याचा किल्ला मात्र पोर्तुगीजांकडेच राहिला. बाजीराव पेशव्यांचे बंधू चिमाजी आप्पा यांच्या मोहिमेत १७३९ च्या आरंभी तोही पडला. कान्होजींचे पुत्र मानाजी आंग्रे यांनी उरणकडची बाजू सांभाळली. वांद्र्याची तटबंदी मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून आधीच पाडण्यात आली. मे १७३९ मध्ये वसई शरण आली.

यानंतर मराठ्यांनी स्वतःच्या हाताने केलेले नुकसान पेशव्यांच्या कारभारातील मोठ्या चुकांपैकी एक मानावे लागेल. कान्होजींचे दुसरे एक पुत्र तुळाजी आंग्रे जुमानत नाहीत म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग गेला. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज सेनानी वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून पकडलेल्या ‘रेस्टोरेशन’ जहाजावर तोफेचा गोळा पडून आग लागली आणि ती शेजारच्या जहाजांत पसरत गेली. बहुतेक आरमार त्यात जळाले. तुळाजी पेशव्यांचे कैदी झाले. घरातले भांडण घरात मिटवता आले असते. त्यासाठी समुद्र परक्याच्या हवाली करायला नको होता.

अठरा वर्षांनी, पुण्यात पेशव्यांच्या गादीचा वाद पेटला असताना, इंग्रजांनी डिसेंबर १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला घेतला. पाठोपाठ वेसावेही गेले. खुल्या समुद्रावर त्यांना अडवील असे आरमार उरले नव्हते. १७८२ च्या इंग्रज-मराठे यांच्यातील सालबाईच्या तहाने साष्टी कायमची इंग्रजांकडे राहिली. वेसाव्याचा किल्ला सध्या भारतीय हवाई दलाच्या अखत्यारीत असून आत जाण्यास परवानगी लागते.