करमरकर पद्धती : श्रेय आणि स्वामित्व

गणितीय इष्टतमीकरणाच्या इतिहासात नरेंद्र करमरकर यांचे नाव १९८४ या वर्षाशी जोडले जाते. त्याआधीच्या त्यांच्या विद्यार्थिदशेकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. ग्वाल्हेर येथील मराठी कुटुंबात जन्मलेले करमरकर १९७८ मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.मधून विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. पुढे १९८३ मध्ये त्यांनी बर्कले येथे रिचर्ड कार्प यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. पूर्ण केली. ठरावीक मापाच्या कमीत कमी पेट्यांत वस्तू कशा भराव्यात, यासारखे दुस्तर प्रश्न हा त्या काळातील त्यांच्या संशोधनाचा विषय होता. १९८२ च्या कार्प यांच्यासमवेतच्या निबंधात हा प्रश्न रेषीय प्रोग्रॅमिंगच्या आधारे हाताळला असून, त्यासाठी एलिप्सॉइड पद्धतीचे साहाय्य घेतले आहे. पुढील शोधाचे बीज येथे असावे, असे मानण्यास जागा आहे.

जॉर्ज डँटझिग यांची १९४७ ची सिम्प्लेक्स पद्धती बहुफलकाच्या कडांवरून एका शिरोबिंदूकडून दुसऱ्याकडे सरकते. व्यवहारात ती वेगवान ठरली. परंतु काही उदाहरणांत तिच्या पायऱ्या घातांकी वेगाने वाढतात, हे क्ली आणि मिंटी यांनी १९७२ मध्ये दाखविले. लिओनिद खाचियान यांनी १९७९ मध्ये एलिप्सॉइड पद्धतीने रेषीय प्रोग्रॅमिंग बहुपदी काळात सुटते हे सिद्ध केले खरे, पण प्रत्यक्ष वापरात ती मंदच राहिली. करमरकरांनी बेल प्रयोगशाळेत असताना प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत बहुफलकाच्या अंतर्भागातून वाट काढली. प्रत्येक टप्प्यावर प्रक्षेपी रूपांतराने चालू बिंदू पुन्हा मध्याशी आणावयाचा आणि मग पुढचे पाऊल टाकावयाचे, ही ती युक्ती होय.

वाद उद्भवला तो वेगाच्या दाव्यांवरून. प्रयोगशाळेने संगणकीय तपशील उघड न केल्यामुळे इतरांना ते दावे पडताळता येईनात. १९८६ मध्ये गिल, मरे, साँडर्स, टॉमलिन आणि राइट यांनी ही पद्धती जुन्या लॉगरिदमिक अडथळा पद्धतीशी समतुल्य असल्याचे दाखविले. सोव्हिएत गणितज्ञ डिकिन यांनी तर १९६७ मध्येच निकटची कल्पना मांडली होती. पाश्चात्त्यांना तिची दखल घेण्यास सुमारे वीस वर्षे लागली. म्हणून करमरकरांचे श्रेय उणे होत नाही. बहुपदी काळाची सिद्धता त्यांचीच आहे. तथापि १९८८ मध्ये पद्धतीला अमेरिकी पेटंट मिळाले, तेव्हा गणिती युक्तीवर मालकी सांगता येते काय, या प्रश्नावर गणितज्ञांत नाराजी पसरली. त्या पेटंटची मुदत आता संपली आहे. आजच्या संगणकप्रणालींत सिम्प्लेक्स आणि आंतरबिंदू पद्धती शेजारी नांदतात. मूळ प्रक्षेपी रूपांतर मात्र त्यांत क्वचितच आढळते.